जपानी गावातला इंग्रजीचा सहाय्यक

जपानच्या नकाशावर डोळे मिटून बोट ठेवा. ते जिथे पडेल तिथल्या सरकारी शाळेत, भातशेतीचं गाव असो, कोळ्यांचं बंदर असो की दिवसातून दोनदाच बोट लागणारं एखादं बेट असो, इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाशेजारी एक परदेशी माणूस उभा असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्या पदाचं नाव 'असिस्टंट लँग्वेज टीचर', म्हणजे सहाय्यक भाषाशिक्षक. सगळे त्याला 'एएलटी' म्हणतात. वय बहुधा पंचविशीच्या आतबाहेर, हातात नुकतीच मिळालेली पदवी, आणि जपानी भाषा यथातथाच.

यांतले बरेचजण 'जेट' नावाच्या सरकारी योजनेतून येतात. ती १९८७ मध्ये चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन सुरू झाली. तेव्हापासून सत्तर हजारांहून अधिक लोक तिच्यातून जपानला जाऊन आले आहेत. सहभागी देशांच्या यादीत भारतही आहे. आपल्याकडून जाणारे मात्र थोडे, आणि त्यातले मराठी त्याहून थोडे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची एवढी वर्दळ असताना असं का व्हावं, हे कोडंच आहे. कदाचित 'इंग्रजी शिकवायला जपानला' हे वाक्यच आपल्या कानाला उलटं वाटत असावं.

योजना का निघाली हे कळल्याशिवाय तिथल्या राहणीतल्या अडचणी नीट कळत नाहीत. १९८० च्या दशकात जपानी मोटारी आणि टीव्ही अमेरिकेत धडाक्यात खपत होते, अमेरिकेची व्यापारी तूट वाढत होती आणि 'जपान फक्त विकतो, आपलं दार उघडत नाही' अशी ओरड सुरू होती. पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारने 'आंतरराष्ट्रीयीकरण' हा शब्द उचलून धरला. त्यातूनच शिक्षण, परराष्ट्र आणि गृह अशा तीन खात्यांनी मिळून परदेशी तरुणांना गावोगावी नेऊन बसवायची कल्पना राबवली. यात गृहखात्याचा पुढाकार महत्त्वाचा, कारण ते खातं शाळांचं नव्हे, स्थानिक स्वराज्य संस्थांचं. केंद्राने गोळा केलेल्या करातला वाटा त्या संस्थांना मिळतो आणि त्यातून एएलटीचा खर्च निघतो. म्हणून टोकाच्या खेड्यालाही परदेशी माणूस ठेवणं परवडतं.

थोडक्यात, या माणसाला नेमतं ते शिक्षणमंडळ गावचं किंवा प्रांताचं असतं, आणि त्याने गावात 'दिसणं' हा योजनेचा अर्धा हेतू असतो. परदेशात आधी बस्तान बसवायचं आणि मग काम सुरू करायचं, हा आपला नेहमीचा क्रम इथे लागू पडत नाही. कचरा कुठल्या दिवशी टाकायचा हे शिकणं, शेजारच्या आजोबांना सकाळी वाकून नमस्कार करणं, शाळेच्या क्रीडादिनाला दोरखेचीत उतरणं हे सगळं नोकरीतच मोडतं. हे ज्याला लवकर उमगतं तो टिकतो. 'मी व्याकरण शिकवायला आलोय' असं धरून बसणारा वर्षभरात वैतागून परततो.

ही परंपरा तशी जुनी. १८९० मध्ये लाफ्कादिओ हर्न नावाचा लेखक मात्सुए या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागला. एका सामुराई घराण्यातल्या कोइझुमी सेत्सुशी त्याने लग्न केलं, जपानी नागरिकत्व घेतलं आणि पुढे तोक्यो विद्यापीठात शिकवलं. त्याच्या उलट गोष्ट नात्सुमे सोसेकी यांची. हे जपानी इंग्रजी शिक्षक १९०० मध्ये लंडनला गेले आणि तिथे एकटेपणाने पार खचले. १९०३ मध्ये परतल्यावर त्यांना विद्यापीठात नोकरी मिळाली ती हर्नच्याच जागी. परक्या देशात कोण रुळेल आणि कोण नाही, हे विद्वत्तेवर ठरत नाही, एवढं या दोघांवरून कळतं.

जेटची बहुतेक मंडळी जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तोक्योत उतरतात. विमानभाडं नेमणूक करणारी संस्था भरते. राजधानीत दोनएक दिवस भाषणं आणि प्रशिक्षण होतं, मग प्रांताप्रांतांत पांगापांग. स्थानकावर शिक्षणमंडळाचा माणूस नावाची पाटी धरून उभा असतो. पुढचे काही महिने बँक, फोन, डॉक्टर, सगळीकडे हाच माणूस सोबत असणार. त्याचं इंग्रजी कामचलाऊ असेल, त्याच्या टेबलावर स्वतःच्या कामाचा ढीग असेल, तरी तो येतो. त्याच्याशी सूत जमवणं हे पहिल्या महिन्यातलं सर्वांत फायद्याचं काम.

विमानतळावरच निवासपत्र हातात पडतं. घर ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन त्यावर पत्ता नोंदवावा लागतो. मराठी माणसाची गंमत इथे सुरू होते. आपल्या पासपोर्टवर आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव असा तीन डब्यांचा लवाजमा असतो. निवासपत्रावर तो रोमन लिपीत जसाच्या तसा उतरतो. बँकेचा अर्ज मात्र काताकाना लिपीत भरायचा, आणि त्यातल्या चौकोनांची संख्या जपानी नावांना बेताची. 'कुलकर्णी'चं 'कुरुकारुनी' होतं, पाच अक्षरं. 'देशपांडे' त्याहून ऐसपैस. एकदा जे अक्षर बँकेत लिहिलं तेच फोन कंपनीत, तेच पगाराच्या कागदावर आणि तेच विम्यात यायला हवं. एखादी काना-रेघ इकडची तिकडे झाली की कागद परत येतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी आपलं नाव कसं लिहायचं ते पक्कं ठरवून एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावं. सहीऐवजी वापरायचा शिक्का, म्हणजे 'हान्को', करून घ्यायचा तर तोही त्याच अक्षरांचा. अलीकडे सरकारी कामांत शिक्क्याची सक्ती बरीच कमी झाली आहे, पण गावाकडच्या कचेरीत तो अजून लागतो. रजेच्या अर्जावर तर हमखास.

घर बहुधा आधीचा एएलटी राहून गेलेलं असतं, किंवा शिक्षकांच्या वसाहतीतलं. ही सोय लाखमोलाची आहे. स्वतः घर शोधायचं म्हटलं तर अनामत रक्कम द्यावी लागते, जामीनदार दाखवावा लागतो, आणि कित्येक ठिकाणी 'रेइकिन' नावाची एक रक्कम मालकाला कृतज्ञता म्हणून द्यायची असते, जी कधीही परत मिळत नाही. मुंबईच्या पागडीची आठवण यावी असाच हा प्रकार. शिवाय जपानी घर रिकामं म्हणजे खरोखर रिकामं. गॅसची शेगडी नसते, पडदे नसतात, कित्येकदा छताला दिवाही नसतो, नुसता खटका असतो. आधीच्या माणसाने सोडलेली शेगडी, फ्रीज आणि गाद्या ठरवून विकत घ्यायची पद्धत आहे. पैसे देण्याआधी फोटो मागवावेत आणि फ्रीज किती वर्षांचा आहे ते विचारावं, कारण जपानात जुना फ्रीज टाकून द्यायलाही पैसे मोजावे लागतात.

आता कचरा. हा विषय ऐकून लोक हसतात, पण गावात तुमची पत ठरते ती इथे. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिक एकदा, काच आणि डबे महिन्यातून एक-दोनदा. पिशवी नगरपालिकेचं नाव छापलेली, दुकानातून विकत घेतलेलीच हवी. सकाळी ठरलेल्या वेळेआधी ठरलेल्या जाळीखाली ठेवायची, आदल्या रात्री नाही. पेयाच्या बाटलीचं झाकण काढून वेगळं, वरचा कागद सोलून वेगळा, बाटली विसळून चेपून वेगळी. चूक झाली तर पिशवीवर सूचनेचा कागद चिकटतो आणि ती तिथेच राहते. गल्लीत एकच परदेशी माणूस असल्याने ती कोणाची हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु गावाने २००३ मध्ये 'शून्य कचरा' जाहीर केला आणि तिथे वर्गवारी पंचेचाळीस प्रकारांपर्यंत गेली. सगळीकडे इतकं कडक नसतं. तरी कचऱ्याचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवणं हे जपानी गावात राहू लागल्याचं पहिलं लक्षण.

ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी असते. मुलं नसतात, पण शिक्षक येतात, आणि एएलटीनेही यायचं असतं. शिक्षकांच्या त्या लांबलचक सामायिक खोलीत एक टेबल मिळतं. तिथे आठ तास बसायचं, काम नसलं तरी. जेटवाल्यांच्या बोलीत याला 'डेस्क वॉर्मिंग' म्हणतात, आणि नव्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त याच काळात उबगतो. माझं मत विचाराल तर हे दिवस फुकटचे नाहीत. याच काळात सहकाऱ्यांची नावं पाठ होतात, जपानी लिपीचे धडे गिरवता येतात, आणि सकाळी खोलीत शिरताना मोठ्याने अभिवादन करायची सवय लागते. ते न करता गुपचूप जागेवर जाऊन बसणारा माणूस जपानी शाळेत उद्धट ठरतो, मग तो कितीही सज्जन असो. चपलांचंही तसंच. बाहेरचे बूट दारात, आतले वेगळे, आणि स्वच्छतागृहाच्या सपाता त्याहून वेगळ्या. त्या सपाता घालून वर्गात आलेला शिक्षक मुलं वर्षभर विसरत नाहीत.

सप्टेंबर जवळ आला की तास सुरू होतात. पहिला तास जवळपास सगळीकडे सारखाच: स्वतःची ओळख. फोटो न्यावेत, नाणी न्यावीत, घरचं काही न्यावं. भारतीयाला ठरलेले प्रश्न येतात. रोज करी खाता का? हत्ती आहे का घरी? आणि एक प्रश्न आपल्याला अनपेक्षित वाटेल असा: एकोणीसपर्यंतचे पाढे खरंच पाठ असतात का? जपानी मुलं दुसरीत नवापर्यंत पाढे शिकतात. वीसेक वर्षांपूर्वी तिथे 'भारतीय पद्धतीच्या गणिता'ची लाट आली, पुस्तकं खपली, आणि तेव्हापासून भारतीय माणूस म्हणजे चालतंबोलतं गणकयंत्र असा समज रुजला. ज्यांच्या आजीने तिसापर्यंत घोकून घेऊन वर पावकी-निमकीची भर घातली त्यांना वर्ग जिंकायला आणखी काही लागत नाही. सतरा नव्वे त्रेपन्नासे म्हणायचं, फळ्यावर १५३ लिहायचं, आणि मुलांना इंग्रजीतून पुढचा प्रश्न विचारायला लावायचं. आकडे विचारायच्या ओघात इंग्रजीचा संकोच सुटतो.

पण रोजचा तास असा जिंकता येत नाही. कायद्याने वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाची असते आणि एएलटी हा सहाय्यक. दोघांनी मिळून शिकवायचं अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात काही शिक्षक सहाय्यकाला फक्त धडा मोठ्याने वाचायला लावतात, आणि तो 'मानवी टेपरेकॉर्डर' होऊन कोपऱ्यात उभा राहतो. काही जण उलट सगळा तासच त्याच्यावर सोडून देतात. माध्यमिक शाळेत शिक्षकांचा नाइलाज असतो, कारण नववीच्या मुलांच्या मानेवर हायस्कूलची प्रवेशपरीक्षा असते आणि तिचा भर लेखीवर. चित्र हळूहळू बदलतंय. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, त्याआधीची ओळख तिसरीपासून. तोक्योने २०२२ पासून नववीच्या मुलांची इंग्रजी बोलण्याची चाचणी घ्यायला सुरुवात केली. बोलण्याला गुण मिळू लागले की सहाय्यकाची किंमत वाढते, हे सांगायला नको. तोवर एक उपाय चालतो: तास संपल्यावर शिक्षकाला 'पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं मी एक खेळ घेऊ का?' असं विचारायचं. दहा मिनिटं मागितली तर नकार येत नाही, आणि ती चांगली गेली की वीस मिळतात.

दुपारचं जेवण हा शाकाहारी माणसाचा खरा कस. प्राथमिक शाळेत आणि बऱ्याच माध्यमिक शाळांत जेवण शाळेतच, वर्गात, मुलांसोबत. १९५४ च्या शालेय भोजन कायद्यापासून ही व्यवस्था देशभर पसरली आहे. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुलं मोठमोठी पातेली वर्गात आणतात, स्वतः वाढतात, आणि सगळ्यांची ताटं भरल्याशिवाय कोणी घास घेत नाही. भात, रस्सा, एक भाजी, माशाचा किंवा मांसाचा एखादा प्रकार, आणि दुधाचं पाकीट. दिसायला भाजी असली तरी तिच्यात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि मुलांच्या जिवाभावाची करी मांसाशिवाय होत नाही. काटेकोर शाकाहार पाळायचा असेल तर आधीच स्पष्ट सांगून घरून डबा न्यावा. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. पण जेवायला बसायचं मुलांसोबतच. त्या वीस मिनिटांत जेवढं इंग्रजी बोललं जातं तेवढं तासाला बोललं जात नाही. जेवणानंतर झाडलोट, आणि त्यात शिक्षकही हातात फडका घेतात.

नेमणूक खेड्यात असेल तर गाडीवाचून अडतं. इथे भारतीयांना दोन सवलती आहेत. जपानातही वाहनं डावीकडून चालतात, आणि १९४९ च्या जिनिव्हा करारामुळे आपल्याकडचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे वर्षभर चालतो. तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढून घ्यावा. वर्षानंतर जपानी परवाना लागतो, त्यासाठी भारतीयांना लेखी आणि चालवण्याची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या चांगल्या कडक आहेत.

हिवाळ्याबद्दल मात्र कोणी पुरेसं सांगत नाही. थंडी बाहेर असते हे ठाऊक असतं. ती घरातही असते, हे तिथे गेल्यावर कळतं. होक्काइदो सोडलं तर जपानी घरांना भिंतींतून ऊब धरून ठेवायची सोय बेताचीच. एक खोली रॉकेलच्या स्टोव्हने तापवायची, खालून ऊब देणाऱ्या 'कोतात्सु' टेबलाच्या रजईत पाय घालून बसायचं आणि बाकी घर थंडीला सोडून द्यायचं. उत्तरेकडे रात्री नळातलं पाणी पूर्ण काढून टाकतात, नाहीतर ते गोठून नळ फुटतो. जूनमधला पावसाळा कोकणातल्या माणसाला सवयीचा: चामड्याच्या वस्तूंवर बुरशी, गाद्यांना वास, कपाटात ओल.

पैशाचं बोलू. २०२५ पासून जेटच्या पहिल्या वर्षाचं वेतन वर्षाला ४० लाख २० हजार येन आहे, पुढच्या वर्षांत ते थोडं वाढतं, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. रुपयांत गुणाकार करून लगेच हुरळून जाऊ नये. आयकर, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा पगारातूनच कापले जातात. विम्यामुळे डॉक्टरच्या बिलातले ३० टक्केच भरावे लागतात, हा मोठा दिलासा. फसगत होते ती दुसऱ्या वर्षी: रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो जाणवत नाही आणि मग एकदम पगार कमी झाल्यासारखा वाटतो. देश सोडताना निवृत्तिवेतनातला काही भाग एकरकमी मागता येतो. मात्र २०१६ पासून भारत आणि जपानमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे. त्याखाली तिथली वर्षं मोजून घ्यायची की एकरकमी पैसे घ्यायचे, याचा आधी विचार करावा. पैसे घेतले की ती वर्षं मोजली जात नाहीत.

जेटखेरीज कंत्राटी कंपन्यांमार्फतही हजारो सहाय्यक शाळांत जातात. तिथे पगार बहुधा कमी, सुट्टीच्या महिन्यांत काही ठिकाणी पगार कापलेला, आणि घराची जबाबदारी आपली. करारातली सुट्टीची आणि विम्याची कलमं वाचल्याशिवाय सही करू नये. आणखी एक नियम मराठी माध्यमवाल्यांना अडवू शकतो. शाळेत भाषा शिकवण्याच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसासाठी त्याच भाषेतून बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे इंग्रजीत एमए केलेल्या माणसाचा अर्ज अडकू शकतो. हा नियम मला आंधळा वाटतो, कारण दुसरी भाषा कष्टाने शिकलेला माणूस ती शिकवायला अनेकदा जास्त योग्य असतो. पण नियम आहे.

जेटच्या लोकांचं एक आवडतं वाक्य आहे: 'एव्हरी सिच्युएशन इज डिफरंट'. काहीही विचारा, जुने लोक हेच उत्तर देतात, आणि ते खरंही आहे. एकाच्या वाट्याला एकच हायस्कूल येतं, दुसऱ्याला आठवड्यात पाच प्राथमिक शाळा फिरायच्या असतात. एकाच्या गावात भारतीय किराणा मिळतो, दुसरा हळद टपालाने मागवतो. एकटेपणा मात्र जवळजवळ सगळ्यांना गाठतो, आणि तो बहुधा नवलाई ओसरल्यावर, दिवस लहान झाल्यावर येतो. प्रत्येक प्रांतात जेटचे सल्लागार असतात, त्यांना फोन करण्यात कमीपणा नाही. आणि तोक्योत मराठी मंडळ आहे, गणपतीला तरी जाऊन यावं. परदेशी माणसाला तिथल्या शिक्षणव्यवस्थेत किती लांब जाता येतं हे पाहायचं असेल तर एक मराठी नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुण्याहून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा परिषदेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे प्राचार्य झाले. ते एएलटी म्हणून गेले नव्हते, पण परदेशी माणसाला जपानी शाळेत फक्त सहाय्यकाचीच जागा असते हा समज त्यांनी मोडला.

शेवटी तारखांचं. भारतातले जेटचे अर्ज दिल्लीतल्या जपानी दूतावासामार्फत जातात. साधारण शरदात अर्ज, हिवाळ्यात मुलाखत, वसंतात निकाल आणि उन्हाळ्यात प्रयाण असा क्रम असतो, आणि नेमक्या तारखा दरवर्षी दूतावास जाहीर करतो. जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्या वर्षासाठी थांबणार का, हे शिक्षणमंडळ पहिल्याच हिवाळ्यात विचारतं, म्हणजे पोचून जेमतेम सहा महिने झालेले असताना, आणि नेमकं घर सर्वांत थंड असताना. त्या आठवड्यात उत्तर देण्याची घाई करू नका. मुदतीचा शेवटचा दिवस विचारून घ्या आणि तोवर थांबा.